वाळूचे नाटक आणि रंगमंचावरची वाळू

प्रश्न : गिरणा नदीतील वाळूउपशावर आमची हौशी संस्था नाटक बसवत आहे. नदीच्या पात्रासाठी मंचावर अर्धा ब्रास वाळू, झाडांसाठी थर्माकोल आणि मागे फ्लेक्सचा पडदा, असे नेपथ्य ठरले होते. परंतु हे नाटकाच्या विषयाशी विसंगत असल्याचे एका सहकाऱ्याने तालमीत सुनावले. त्याचे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे?
— एक वाचक, भडगाव

उत्तर : पूर्णपणे ग्राह्य धरावे. अर्धा ब्रास म्हणजे ५० घनफूट, वजनाने दोन टनांहून अधिक. नदीची व्यथा मांडण्यासाठी तिच्यातूनच एवढी वाळू उचललेली खान्देशातल्या प्रेक्षकाच्या नजरेतून सुटणार नाही. शिवाय आपल्या नाटकाचा विषय वाळू नसणे हा आहे. पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते आणि ते काठच्या विहिरींना झिरपत राहते. वाळू गेली की विहिरी खोल जातात. तेव्हा मंचावर केवळ विहिरीचा काठ ठेवावा आणि पोहऱ्याचा दोर प्रत्येक प्रवेशात थोडा लांबवीत न्यावा. तो दोर केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालपटांचा, वळता येईल. घड उतरवल्यावर केळीचे खोड कापलेच जाते, त्यामुळे रावेर-यावलकडे त्याला तोटा नाही. मात्र ओली खोडे मंचावर आणू नयेत, कारण त्यांच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत. (हा धडा आम्ही उसन्या आणलेल्या धोतरांवर शिकलो.)

झाडांऐवजी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, कूड उभारावा. प्रकाश मागून आल्यास त्याच्या सावल्या थर्माकोलच्या फांद्यांपेक्षा कितीतरी बोलक्या पडतात. हजार वॅटचे हॅलोजन दिवे मात्र त्याच्याजवळ लावू नयेत, एलईडी वापरावेत. फ्लेक्सचा विचार सोडून द्यावा, जुनी लुगडी जोडून पडदा होतो.

ब्रिटनमधील नाट्यकर्मींनी २०२१ पासून अंगीकारलेल्या ‘थिएटर ग्रीन बुक’ या मार्गदर्शिकेची प्राथमिक पातळी अशी आहे, की निर्मितीतील निम्मे साहित्य आधी वापरलेले असावे आणि ६५ टक्के साहित्य प्रयोगांनंतर पुन्हा उपयोगात यावे. आपला दोर, पडदा आणि विहिरीचा काठ हे या कसोटीला सहज उतरतील. कूड मात्र पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नये. पऱ्हाट्यांवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत तग धरते आणि पुढच्या हंगामात तीच गावच्या कपाशीवर उतरते. म्हणून शेवटचा प्रयोग झाला, की पेरणीच्या आत तो कूड चुलीत घालावा.