ट्रेलर उलाळू नये म्हणून

प्रश्न : आमची मुलगी व जावई अमेरिकेत डेन्व्हर येथे राहतात. येत्या जूनमध्ये आम्ही उभयता तिकडे जाणार असून, त्यांनी घेतलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायचे चाकांवरचे छोटे घर) पिकअप गाडीला जोडून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानापर्यंत जाऊन यायचे आणि हॉटेलऐवजी कॅम्पग्राउंडमध्ये मुक्काम करायचे, असा त्यांचा बेत आहे. माझे वय ६८ आहे. पत्नीला गुडघेदुखीमुळे फार वेळ बसवत नाही. चालत्या प्रवासात तिला ट्रेलरमधील पलंगावर आडवे होता येईल का? स्वयंपाक, स्नान व शौचालयाची सोय कशी असते? आणि नाशिकहून सोबत काय न्यावे? — एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसांनी बसण्यास मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. आत ना सीट-बेल्ट असतो, ना अपघाताचा धक्का सोसेल असा सांगाडा. ट्रेलरचा खरा उपयोग थांबल्यावर होतो. डेन्व्हर ते यलोस्टोन हे अंतर एका बाजूने साधारण ९०० किलोमीटर आहे. ते तीन दिवसांत विभागावे आणि दर दोन तासांनी महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळी थांबावे, म्हणजे आपल्या पत्नींना स्वतःच्या अंथरुणावर अर्धा तास पाठ टेकता येईल. जावयांकडे हा आग्रह संकोच न करता धरावा. तरुण मंडळींना एवढी मजल एका दिवसात मारण्याची हौस असते.

सामानाबद्दल जरा विस्ताराने लिहितो. नाशिक जिल्ह्यात ज्याने बैलगाडी भरताना पाहिली आहे, त्याला ‘गाडी उलाळणे’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही : माल मागे जास्त झाला की जू वर उचलले जाते. ट्रॅव्हल ट्रेलरचे गणितही याच जातीचे आहे. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडणीवर, म्हणजे हिचवर, यावा लागतो. दोन हजार किलोंच्या ट्रेलरला २०० ते ३०० किलो. तो कमी पडला, तर वेग वाढताच ट्रेलर डावीउजवीकडे हेलकावे घेऊ लागतो आणि पुढच्या गाडीलाही आपल्याबरोबर खेचतो. विमानातून नेलेल्या २३ किलोंच्या चार बॅगा म्हणजे ९२ किलो. त्या मागच्या कपाटात कोंबल्या, तर एवढ्यानेही तोल बिघडू शकतो. त्या चाकांच्या आसाच्या थोड्या पुढे, तळाशी ठेवाव्यात. शक्य असल्यास निम्म्या डेन्व्हरलाच सोडाव्यात. वाटेतील वायोमिंग राज्याच्या उघड्या माळरानावर कधीकधी वारा इतका सुटतो, की हलक्या आणि उंच वाहनांसाठी महामार्ग काही काळ बंद ठेवतात. अशा दिवशी एक मुक्काम वाढवावा.

पाण्याचा हिशेब मात्र घरच्यापेक्षा वेगळा ठेवावा लागतो. ट्रेलरखाली तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, मोरी-न्हाणीच्या सांडपाण्याची आणि शौचालयाच्या मैल्याची. ज्या जागेवर वीज, नळ व मलनिस्सारण अशा तिन्ही जोडण्या मिळतात, तिला ‘फुल हुकअप’ म्हणतात. यलोस्टोनच्या आत अशी सोय फिशिंग ब्रिज येथील एकाच तळावर आहे आणि तिचे आरक्षण पुष्कळ महिने आधी करावे लागते. ते झाले नसेल, तर उद्यानाबाहेर वेस्ट यलोस्टोन किंवा गार्डिनर येथे खासगी तळ मिळतात. नळजोडणी नसेल, तेथे दीडएकशे लिटरांत चार माणसांचे भागवायचे असते, आणि अनेक ट्रेलरांतील गिझर जेमतेम २३ लिटरांचा, म्हणजे एका मोठ्या बादलीएवढा असतो. शौचानंतर पाणी वापरण्याच्या आपल्या सवयीने टाकीचे नुकसान होत नाही, उलट मैला पातळ राहतो. फक्त टाकी लवकर भरते. जोडणी असली, तरी मैल्याच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवू नये, कारण पाणी वाहून जाते आणि घट्ट भाग तळाशी बसतो. टाकी बरीच भरल्यावर आधी मैला सोडावा आणि मागाहून सांडपाणी, म्हणजे नळीही धुतली जाते. हे काम जावई करतील. पण त्या वेळी आपण जवळ उभे राहिलात, तर त्यांना बरे वाटेल.

विजेचे थोडक्यात : ३० अँपिअरच्या जोडणीवर १२० व्होल्टने ३,६०० वॉट मिळतात, म्हणून वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन शेगडी एकदम लावू नये. नाशिकचा २३० व्होल्टचा मिक्सर तेथे निरुपयोगी आहे. चटण्या येथूनच कोरड्या करून न्याव्यात.

स्वयंपाक आतील प्रोपेनच्या शेगडीवर सहज होतो. यलोस्टोन सरोवराचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंच असल्यामुळे तेथे पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासन् तास हटून बसते. कुकर हवाच, आणि त्यातही एक-दोन शिट्ट्या जास्त धराव्यात. याहून महत्त्वाची बाब अस्वलांची. अन्नच नव्हे, तर खरकटी भांडी, कचरा, साबण आणि टूथपेस्टसुद्धा वापर नसताना बाहेर ठेवता येत नाहीत. सगळे ट्रेलरमध्ये किंवा गाडीत बंद करावे लागते. फिशिंग ब्रिजला तर अस्वलांमुळे कापडी तंबूंना परवानगीच नाही. अस्वल व लांडगे यांच्यापासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि गवे (तेथील बायसन), हरणे वगैरेंपासून २५ यार्ड अंतर राखण्याचा नियम आहे. गवा शांतपणे चरताना दिसला, तरी छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये.

नाशिकच्या जूनवरून तेथील जूनचा अंदाज करू नये. रात्री पारा शून्याजवळ उतरतो, म्हणून स्वेटर, कानटोपी व जाड मोजे सोबत असू द्यावेत. ट्रेलरच्या दाराची पायरी जमिनीपासून बरीच उंच असते आणि गुडघ्यांना पलंगापेक्षा तीच अधिक जाचते. तेव्हा एक रुंद, न घसरणारा बैठा स्टूल मुलीला आधीच घेऊन ठेवायला सांगावे, आणि दाराशेजारी धरायला दांडी आहे का, हे तिला आजच विचारावे.