वाचकांचे प्रश्न: ओरोमो मुलगा कोणत्या वंशाचा?

प्रश्न : माझ्या मुलाच्या वसतिगृहात इथिओपियाचा एक विद्यार्थी आहे. तो स्वतःला ओरोमो म्हणवतो. मुलाने कुठेतरी वाचलं, की हे लोक ‘कुशिटिक वंशाचे’ असतात. वर्ण काळासावळा, नाक मात्र सरळ. हे लोक आफ्रिकी की अरब?
– एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, तो ओरोमो म्हणतो ना, मग तो ओरोमोच. ‘कुशिटिक’ हा वंश नव्हे, भाषांची शाखा आहे. ओरोमो, सोमाली, अफार, बेजा, सिदामा या तिच्यातल्या भाषा. नाव बायबलमधल्या हामच्या मुलाचं, कूशचं. सोमालियातला उंटवाला किंवा टांझानियातला इराक्व शेतकरी आपली ओळख सांगताना जमात सांगेल, कूळ सांगेल.

माझी आजी कुरुंदवाडची. चुलीपाशी कानडी, बाजारात मराठी. कानडी द्राविडी, मराठी आर्यकुळातली; म्हणून आजीचा वंश एक आणि शेजारच्या मराठी काकूंचा दुसरा म्हणायचा? दोघींच्या शेतांना बांध एकच होता. इथिओपियातले कितीतरी अगाव लोक पिढ्या बदलता बदलता अम्हारिक बोलू लागले. अगाव कुशिटिक, अम्हारिक सेमिटिक, म्हणजे अरबी-हिब्रूच्या शाखेतली. माणसं तीच राहिली.

नाकावरून वंश ठरवण्याचा मला फार राग आहे. युरोपीय अभ्यासकांनी ‘हॅमिटिक’ नावाचा वंश कल्पिला आणि आफ्रिकेत जे थोर दिसलं त्याचं श्रेय या बाहेरून आलेल्यांना देऊन टाकलं. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ सेलिगमन यांचं १९३०चं पुस्तक हेच सांगतं. रवांडात तुत्सींना असंच ‘हॅमिटिक’ ठरवलं गेलं. खरं तर तुत्सी आणि तिथलेच हुतू एकच भाषा बोलतात. १९९४च्या तुत्सींच्या हत्याकांडात त्याच कल्पनेचं विष होतं. खरं तर त्याच्या कितीतरी आधीच भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी भाषांच्याच पुराव्याने ‘हॅमिटिक’ हा गट मोडीत काढला.

आफ्रिका आणि अरबस्तान यांच्यामधली बाब-अल-मांदेबची सामुद्रधुनी जेमतेम ३० किलोमीटर रुंद. हजारो वर्षं माणसं इकडून तिकडे गेली, सोयरिकी झाल्या. त्याने कुणाचं आफ्रिकीपण कमी होत नाही.

त्या मुलाला घरी जेवायला बोलवा. मात्र तांबडा-पांढरा रस्सा टाकण्याआधी विचारा. ओरोमोंत मुसलमान आहेत, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट ख्रिस्ती आहेत, जुना वाकेफन्ना धर्म पाळणारेही आहेत. ऑर्थोडॉक्स असेल तर बुधवारी-शुक्रवारी त्याचा उपास. मांस नाही, दूधही नाही. जेवणानंतर कॉफी द्या. त्याच्या भाषेत तिला ‘बुना’ म्हणतात.