सोमवारचे ब्लोहोल

‘दिवसभर नुसता पळूलालोय, तरी तीच अडचण परत दारात उभी. मॅनेजर व्हायची माझी लायकीच नाही काय?’ बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या) उत्पादन व्यवस्थापकाचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मोल्डिंगचा, म्हणजे वाळूचे साचे बनवण्याच्या कामाचा, सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काढून वर आलेला माणूस. आता झोप उडालेली, फोन उशाशी.

लायकीचा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आणि आधी अडचण काय ते विचारलं. उत्तर आलं, ‘रिजेक्शन वाढलंय’, म्हणजे खराब म्हणून बाद होणारा माल वाढलाय. ही नुसती कुरकूर झाली, तिच्यावर इलाज करता येत नाही. कुठल्या मालात, कास्टिंगच्या (ओतून काढलेल्या नगाच्या) कुठल्या अंगाला, कोणत्या वारी, कधीपासून? आणि तितकंच महत्त्वाचं, कुठे आणि कधी होत नाही? हा दुसरा भाग बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि खरा माग तिथेच लागतो.

त्याने तोवर इलाज केले नव्हते असं नाही. एकाच आठवड्यात धातूचं तापमान वाढवलं, वाळूतलं पाणी कमी केलं, साच्याला जास्त व्हेंट (वायू बाहेर जायची भोकं) मारले आणि एका मोल्डरला दुसऱ्या लाइनवर हलवलं. रिजेक्शन उतरलं, पुढच्या आठवड्यात परत चढलं. चार गोष्टी एकदम बदलल्यावर कशाने उतरलं आणि कशाने चढलं, हे कुणालाच सांगता येत नाही. वर नवी दुखणी आली: वाळू कोरडी पडून साच्याच्या कडा ढासळू लागल्या आणि तापमान चढल्याने धातू वाळूत शिरून पृष्ठभाग खरबरीत निघू लागला.

केबिनच्या भिंतीवर माशाच्या सांगाड्याचा तक्ता होता. इशिकावांच्या नावाने ओळखला जाणारा, कारणं मांडायचा. साधन चांगलं आहे, पण तो भरला होता केबिनमध्ये बसून. ‘माणूस’ या काट्यावर लिहिलेलं होतं: सोमवारी पोरं सुस्त असतात.

म्हणून पहिलं काम दिलं ते फक्त नोंदीचं. तीन आठवडे, दुसरं काहीही न बदलता. सुपरवायझर कन्नडमध्ये लिहितो, साहेब मराठीत, मोल्डर बिहार-ओडिशाकडचे. तेव्हा कागदावर व्हॉल्व्ह बॉडीचं रेखाचित्रच काढलं. जिथे ब्लोहोल (वायूमुळे धातूत पडलेलं भोक) दिसेल तिथे फुली; खाली वार, शिफ्ट, हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळीचा क्रमांक) आणि कोअर (नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) कोणत्या दिवशीचा, एवढेच चार रकाने. लिहिण्याची कटकट नाही, म्हणून कागद भरला गेला.

फुल्या कोअरच्या वरच्या अंगाला दाटल्या होत्या, तेही सोमवारी सकाळच्या मालात. दुपारी तीच पोरं, तीच वाळू, आणि फुल्या तुरळक. सुस्ती एवढी ठरावीक जागी भोक पाडत नाही. मग ‘का’ विचारत गेलो. भोक का? कोअरमधून वायू सुटतो. का? कोअर ओलसर. सोमवारीच का? सोमवारी सकाळी लागणारे कोअर शनिवारी संध्याकाळी बनतात आणि रविवारभर शेडमध्ये उघडे पडतात. सोडियम सिलिकेटचा, कार्बन डायऑक्साइडने घट्ट केलेला कोअर हवेतली ओल ओढतो आणि बेळगावचा पाऊस तर ठाऊकच आहे. ‘पाच वेळा का’ म्हणून ओळखली जाणारी ही प्रश्नमालिका पाचावरच थांबली पाहिजे असं नाही. आपल्या हातात असलेल्या गोष्टीपाशी पोचलो की थांबावं. ‘कामगाराचं लक्ष नव्हतं’ इथे थांबलो तर मात्र हाती काहीच लागत नाही.

तरीही हा अंदाजच. पडताळण्यासाठी एका सोमवारी एकाच हीटमधून ४० साचे ओतले: २० शनिवारच्या कोअरचे, २० त्याच सकाळच्या. कोणत्या साच्यात कुठला कोअर, हे तपासणी करणाऱ्याला सांगितलं नाही. शनिवारच्या गटात ५ खराब निघाले, सकाळच्या गटात १. एवढ्यावर नाचू नये, २० नगांत योगायोगही असतो. पुढच्या दोन सोमवारी तोच प्रयोग केला आणि तोच कल दिसला, तेव्हा कुठे इलाज ठरला: शनिवारी कोअर बनवायचे नाहीत, सोमवारी कोअरवाल्यांनी दीड तास आधी यायचं, आणि उरलेला माल झाकलेल्या, कोरड्या कपाटात ठेवायचा. तापमान आणि पाणी पहिल्या मापावर.

फोन थांबले नाहीत. रात्री फोन आला की, माल बाजूला काढायला सांगणं हा तात्पुरता इलाज. कारण शोधायचं ते सकाळी कागद बघून. या दोन कामांची गल्लत होत होती, म्हणून झोप उडत होती. आता रात्रीचं बोलणं पाच मिनिटांत आटोपतं.

एक गोष्ट मात्र राहिलीय. दुसऱ्या लाइनवर हलवलेला तो मोल्डर अजून तिथेच आहे, आणि चूक त्याची नव्हती हे सगळ्या शॉपला कळलंय. ‘त्याला परत बोलावलं तर माझा वचक राहणार काय?’ पुढच्या बैठकीचा विषय तो.