मॉडेल रेल्वेचे दिवे रुळांच्या करंटवर नकोत

तुमची अडचण मला समजली ती अशी. एचओ मापाचं (खऱ्या रेल्वेच्या १:८७) आठ बाय चार फुटांचं लेआउट, त्यावर घाटातलं स्टेशन, शेजारी रेल्वे क्वार्टर्स आणि खाली छोटा बाजार. बारा व्होल्टचे चौदा बारके बल्ब आणि तीस पांढरे एलईडी. यातले काही रुळांनाच जोडलेत, ते गाडीच्या वेगाबरोबर कमीजास्त होतात आणि गाडी मागे घेतली की एलईडी विझतात. बाकीचे कंट्रोलरच्या मागच्या १६ व्होल्ट एसीवर आहेत, आणि तिथे ४७० ओहमचा रेझिस्टर लावूनही दोन एलईडी गेले. आता अ‍ॅडॉप्टर किती अँपिअरचा घ्यायचा, असं विचारलंय.

अँपिअरचं सांगतो, पण आधी ते दोन एलईडी का गेले ते बघा, कारण बहुतेकजण दोष रेझिस्टरला देतात. एसीची दिशा सतत सुलट-उलट होत असते, आणि १६ व्होल्ट एसी शिखराला साडेबावीस व्होल्टपर्यंत जातो. सुलट्या अर्ध्या फेरीत ४७० ओहममधून चाळीसेक मिलिअँपिअर वाहतो, तोच जास्त आहे. खरी गोम उलट्या अर्ध्या फेरीत. तेव्हा करंट वाहतच नाही, म्हणजे रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही, आणि सगळे साडेबावीस व्होल्ट एलईडीच्या अंगावर येतात. तो उलटा सोसतो साधारण पाच व्होल्ट. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड लावून हे सावरता येतं, पण त्या टर्मिनलवर एवढा जीव टाकायची गरज नाही.

रुळांचं तर स्वाभाविकच आहे. साध्या डीसी कंट्रोलरमध्ये व्होल्टेज म्हणजे वेग आणि पोलॅरिटी (प्लस-मायनस कुठल्या रुळाला) म्हणजे दिशा. त्यावर दिवे टांगले तर ते इंजिनाच्याच तालावर नाचणार. कोणी म्हणेल डीसीसी (गाड्यांना रुळांतूनच डिजिटल हुकूम देणारी पद्धत) घ्या, तिथे रुळांवर व्होल्टेज कायम असतं. असतं, पण रुळांना वीज पुरवणाऱ्या बूस्टरचे अँपिअर गाड्यांसाठी आहेत, दिव्यांत घालवायला नाहीत. शिवाय एखादा डबा पॉइंटवर (रूळ बदलतो तिथे) घसरून शॉर्ट झाला की गाडीबरोबर अख्ख्या गावाचे दिवे जातात.

तेव्हा दिव्यांना स्वतंत्र १२ व्होल्ट डीसी द्या. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना वापरतात तो २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. पुण्यात तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळेल. हिशोब असा: असा बल्ब साधारण ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे चौदांचे ८४०. एलईडी चार मिलिअँपिअरने चालवले तर तिसांचे १२०. बेरीज एक अँपिअरच्या आत. मग दोनचा कशाला? बल्बची फिलामेंट थंड असताना तिचा रोध चालू स्थितीच्या दहाव्या हिश्शाइतकाच असतो, त्यामुळे बटण दाबताक्षणी मोठा झटका बसतो आणि जेमतेम क्षमतेचा अ‍ॅडॉप्टर लुकलुकत राहतो. जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (त्याच्या आतला पॉवर सप्लाय) मात्र नको. त्याची १२ व्होल्टची लाइन शॉर्टमध्ये बिनदिक्कत दहाबारा अँपिअर ओतते आणि तुमच्या केसासारख्या तारा प्लायखालीच जळतात. काहीही वापरलंत तरी प्रत्येक फाट्याला १ अँपिअरचा फ्यूज घाला.

चार मिलिअँपिअर वाचून तुम्ही दचकला असाल, कारण पाकिटावर वीस लिहिलेलं असतं. ती कमाल मर्यादा समजा. बारा व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला (तो स्वतःवर तीनेक व्होल्ट घेतो) २.२ किलोओहम लावा, म्हणजे चार मिलिअँपिअर येतात. क्वार्टर्सच्या खिडक्यांना मी ४.७ किलोओहमसुद्धा लावतो, दोनच्या आसपास येतात. वीसने चालवलेल्या एलईडीखाली स्टेशन हे स्टेशन वाटतच नाही, दिवाळी सेलचं दुकान वाटतं. प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर हवा. एकाच रेझिस्टरवर चार एलईडी समांतर जोडले की एक जास्त खातो आणि बाकीचे मिणमिणतात.

मापाकडेही बघा. एचओ म्हणजे १:८७. ३ मिलिमीटरचा एलईडी त्या हिशोबाने २६ सेंटिमीटरचा गोळा होतो, फलाटाच्या खांबावर तो विचित्रच दिसणार. ०६०३ मापाचा एसएमडी (बिनपायांचा चपटा एलईडी) १.६ बाय ०.८ मिलिमीटरचा, म्हणजे १४ बाय ७ सेंटिमीटर. दिव्याच्या शेडखाली तो बरोबर बसतो. सोल्डर करताना तो आधी दुपदरी टेपवर चिकटवा, इनॅमलच्या तारेची टोकं आधी कथिलात बुडवून घ्या आणि सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. रंग काळ पाहून निवडा: ऐंशीच्या दशकातलं स्टेशन असेल तर फलाटावर ट्यूबलाइटचा थंड पांढरा आणि क्वार्टर्समध्ये साध्या बल्बचा पिवळसर. सगळीकडे एकच रंग ही नवशिक्याची खूण.

बल्ब काढून टाकायची घाई नको, त्यांचा उजेड एलईडीला अजून साधत नाही. फक्त ते बारावर नव्हे, नऊवर चालवा. त्यासाठी अ‍ॅडॉप्टरच्या पुढे एलएम२५९६ चं बक मॉड्यूल (व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट) लावा आणि मल्टिमीटर धरून स्क्रू फिरवत ९ व्होल्टवर आणा; बल्ब जोडायचे ते त्यानंतरच. फिलामेंटचं आयुष्य व्होल्टेज उतरवल्यावर प्रचंड वाढतं आणि प्लास्टिकचं छप्परही वितळत नाही. बारावर एकेक बल्ब पाऊण वॅट उष्णता टाकतो, बंद खोलीत ती थोडी नाही.

वायरिंग सोपं आहे. प्लायखालून आडव्या तीन तारा न्या: लाल १२ व्होल्ट, पिवळी ९ व्होल्ट, काळी दोघांची मिळून निगेटिव्ह. एक चौरस मिलिमीटरची तार घेतली तर आठ फुटांत व्होल्टेजची घट लक्षातही येत नाही. ही काळी तार रुळांच्या कोणत्याही तारेला जोडू नका. स्टेशन, क्वार्टर्स आणि बाजार यांना वेगळी बटणं ठेवा.

आणि घरं चिकटवण्याआधी भिंतींना आतून काळा रंग मारा, त्यावर पांढरा. नाहीतर दिवा लावल्यावर खिडकीऐवजी अख्खी भिंतच उजळते, आणि छप्पर चिकटवल्यावर आत ब्रश जात नाही.