जुनी गाडी संस्थेला दान केली तर तोटा काय होते?

भाऊ, तोटा दोन ठिकाणी होते, एक तर गाडी दान केल्यावर टॅक्समध्ये एक रुपयाची सूट भेटत नाही, आणि आरसीवर नाव तुमचंच राहिलं तर पुढचं सगळं तुमच्याच अंगावर येते. मी वर्ध्यात आरटीओचे कागद करून देतो, रोज पाहून राहिलो, लोकं चाबी देतात, हार घालून फोटो काढतात आन गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म 29, 30 कोरेच राहतात, मग सहा महिन्यांनी चालानचा मेसेज जुन्या मालकाच्या मोबाइलवर येते. चालान एकवेळ भरून टाकता येते, पण ॲक्सिडेंट झाला तर भरपाईच्या केसमध्ये कोर्ट आरसीवरचं नाव पाहते, सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये हेच सांगितलं. इन्शुरन्सही 14 दिवसांत संस्थेच्या नावावर करायला अर्ज लागते, ते कोणाच्या ध्यानातच नसते. 80जी ची, म्हणजे दानावरची टॅक्सची सूट फक्त पैसे दिले तर हाय, वस्तूवर नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर तेही नाही. म्हणून मी तर म्हणतो गाडी विका आन पैसे चेकनं द्या, 2000 च्या वर रोख दिलेलं सुटीत धरत नाहीत.

पण संस्था खरंच गावातून पेशंट तालुक्याच्या दवाखान्यात नेणार असेल आणि गाडीला 15 वर्षं व्हायला टाइम असेल, तर गाडीच द्या, तिथं गाडीच कामाची. फक्त सह्या झाल्याशिवाय चाबी देऊ नका.