पुराणकथेवर मुलांसाठी फँटसी लिहिताना मूळ कथा कितपत बदलावी?

बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी महाभारतावरून फँटसी लिहिताय आणि मूळ कथेला किती हात लावावा, लोक चिडतील का, असं तुम्ही विचारलंय.

हात बिनधास्त लावा. महाभारतातल्या शकुंतलेच्या गोष्टीत अंगठी नाही आणि दुर्वासांचा शापही नाही. दुष्यंत भर सभेत सरळ ओळख नाकारतो. अंगठी आणि शाप आपल्याला ठाऊक झाले ते कालिदासाच्या नाटकामुळे, आणि आज तीच 'मूळ' गोष्ट वाटते.

माझ्याकडे नवोदितांची हस्तलिखितं वाचायला येतात. त्यांत मला खटकतं ते वेगळंच. शाळकरी मुलाच्या अंगात अचानक कुणा योद्ध्याचं बळ येतं, हाती अस्त्र लागतं आणि धडाधड राक्षस पडायला लागतात. अस्त्र उचललं, त्याची अट तिथेच राहिली! कर्णाने कवचकुंडलं देऊन इंद्राकडून शक्ती घेतली, तीही एकदाच वापरता येणारी. अर्जुनासाठी जपून ठेवलेली ती शक्ती रात्रीच्या युद्धात घटोत्कचावर खर्ची पडली. तुमच्या नायकाकडे अशी एकच संधी असेल, तर प्रत्येक प्रकरणात वाचक धास्तावलेला राहील.

अश्वत्थामा तर या बाबतीत खाणच आहे. सौप्तिकपर्वात तो आणि अर्जुन दोघेही अस्त्र सोडतात. अर्जुनाला ते मागे घेता येतं, याला येत नाही; मग तो ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर वळवतो. हा भाग मुलांसाठी अवघड आहे, तपशील सौम्य करावा लागेल. पण सोडलेली गोष्ट परत घेता येत नाही, हे त्या वयाला चांगलं कळतं. रागाच्या भरात ग्रुपवर टाकलेला फोटो त्यांनी पाहिलेला असतो.

आणि एक. कृष्णाने अश्वत्थाम्याला दिलेला शाप तीन हजार वर्षं भटकण्याचा आहे. बहुतेक लेखक अश्वत्थाम्याला अमर करून मोकळे होतात (चिरंजीवांच्या श्लोकात तो आहेही). पण कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये झाला आणि युद्ध त्याच सुमाराचं, ही परंपरेची गणना धरली, तर शापाची मुदत केव्हाच उलटलीय. मग तो अजून का भटकतोय? मी तुमच्या जागी असतो तर इथूनच सुरुवात केली असती.

चिडण्याबद्दल: हे देव आजही लोकांच्या देवघरात आहेत, त्यामुळे कुणीतरी चिडणारच. कृष्णाला विनोदी सोबती करण्यापेक्षा कडेची पात्रं घ्या. अर्जुनाची नागकन्या पत्नी उलूपी, त्यांचा मुलगा इरावान, घटोत्कचाचा मुलगा अंजनपर्वा. त्यांच्याबद्दल ग्रंथात थोडकंच आहे, त्यामुळे तुम्हाला मोकळं रान मिळतं. पुस्तकाच्या शेवटी पानभर टिपण मात्र द्या: ग्रंथातलं कुठलं, तुमचं कुठलं. या वयाची पोरं ते शोधून पडताळतात.