बरगड्या मोडल्या, मग व्हेंटिलेटर कशाला?

वडिलांच्या डाव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडल्या, अपघाताच्या दिवशी ते नीट बोलत होते आणि दुसऱ्या रात्री मशीनवर गेले. बिल वाढवायला तर लावलं नाही ना, असं तुम्ही विचारलंय. आयसीयूत भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो, त्यामुळे ही शंका नेहमी कानावर येते.

खरी काळजी बरगड्यांपेक्षा फुप्फुसाला बसलेल्या मुक्या माराची असते. त्यात रक्त-पाणी झिरपतं आणि पहिल्या 24 ते 48 तासांत ते वाढतच जातं. म्हणून पहिला एक्स-रे बरा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी तीच बाजू पांढरी पडलेली असते. त्यात दुखतं म्हणून पेशंट खोकत नाही, कफ साठतो, दम लागतो.

सलग तीन-चार बरगड्या दोन-दोन जागी मोडल्या, तर छातीचा तेवढा तुकडा सुटा पडतो आणि श्वास घेताना उलटा आत ओढला जातो. 1956 नंतर अशा पेशंटना सरसकट व्हेंटिलेटर लावत, हाडं जुळेपर्यंत. 1975 साली ट्रिंकल या सर्जनने आणि सहकाऱ्यांनी, अशा बऱ्याच जणांना मशीनशिवायही नीट सांभाळता येतं, हे दाखवलं. त्यामुळे आता नुसती बरगडी मोडली म्हणून व्हेंटिलेटरची नळी घशात घालत नाहीत. ऑक्सिजन टिकेना किंवा पेशंट थकला की घालतात. तुमच्या वर्णनावरून इथे तसंच झालेलं दिसतंय.

मशीनच्या दाबाने फुप्फुस फाटेल ही भीती मात्र अगदीच चुकीची नाही. फुप्फुसाला छिद्र असेल तर ढकललेली हवा छातीत कोंडते आणि बीपी कोसळतं. छातीत घातलेली नळी त्यासाठीच. खाटेखालच्या बाटलीत बुडबुडे येत असतील तर हवा अजून गळतेय, असं समजा. ती बाटली कुणालाही छातीच्या वर उचलू देऊ नका, एक्स-रेला नेतानासुद्धा. शिवाय आम्ही श्वास लहानच देतो, उंचीवरून काढलेल्या वजनाच्या किलोमागे साधारण 6 मिली.

उद्या राउंडला तीन गोष्टी विचारा: ऑक्सिजन किती टक्के चालू आहे, पीप (श्वास सोडल्यावरही मशीन फुप्फुसात राखतं तो दाब) किती आहे आणि दुखण्यासाठी एपिड्युरल (पाठीतल्या बारीक नळीतून बधिरतेचं औषध) किंवा नर्व्ह ब्लॉक (बरगड्यांच्या नसा बधिर करणं) दिलाय का. तिसरा प्रश्न सोडू नका. दुखणं आटोक्यात नसेल तर घशातली नळी काढल्यावर ते खोकणार नाहीत आणि पुन्हा मशीनवर जायची वेळ येईल. बरगड्यांचा तुकडा सुटा असेल आणि मशीन सुटत नसेल, तर ऑपरेशन करून बरगड्यांना धातूच्या प्लेटा बसवायच्या का, यावर थोरॅसिक (छातीच्या) सर्जनचं मत लवकर घ्या.